टॉवर रेकॉर्ड्स : दुकाने कशी वाढली आणि कशाने बुडाली

गेल्या अंकात ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराविषयीच्या एका उत्तरात कॅलिफोर्नियातील ‘टॉवर रेकॉर्ड्स’ या दुकानांच्या साखळीचा ओझरता उल्लेख आला होता. ‘इंटरनेट आले आणि टॉवर बुडाली’ हा सर्वत्र रूढ असलेला समज अपुरा आहे, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : टॉवर रेकॉर्ड्सची सुरुवात कोणी आणि कोठे केली? ती एका औषधांच्या दुकानातून निघाली असे वाचले होते, ते खरे आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

ते खरे आहे. कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहरात १९३८ मध्ये ‘टॉवर थिएटर’ हे चित्रपटगृह बांधले गेले. त्याच्या इमारतीत क्लेटन सॉलोमन यांचे ‘टॉवर कट रेट ड्रग्ज’ नावाचे औषधांचे दुकान होते. साखळीचे नाव आले ते या चित्रपटगृहाच्या मनोऱ्यावरून. अमेरिकेतील त्या काळच्या औषधांच्या दुकानात औषधांबरोबरच साबण, मासिके, सिगारेटी आणि शीतपेये असा चार प्रकारचा माल असे. तेथे आणखी एका वस्तूची भर पडली, तर कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते. क्लेटन यांचा मुलगा रस याने १९४१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तेथे वापरलेल्या रेकॉर्ड विकायला सुरुवात केली. हा माल ज्यूकबॉक्समधून येई. नाणे टाकले की हवे ते गाणे वाजवणारी ही यंत्रे उपाहारगृहांतून बसवलेली असत, आणि गाणे जुने झाले की यंत्राचा मालक त्यातील तबकडी काढून नवी घाली. काढलेली तबकडी तीन सेंटला घ्यायची आणि दहा सेंटला विकायची, असा तो व्यवहार होता.

महायुद्धात रस सॉलोमन यांनी सैन्याच्या हवाई दलात रडार तंत्रज्ञ म्हणून काम केले. परत आल्यावर त्यांनी औषधांच्या दुकानातील रेकॉर्डचा कोपरा वाढवला आणि त्याच्या जोडीला एक घाऊक धंदाही उभारला. दुसऱ्यांच्या दुकानांत रेकॉर्डची मांडणी स्वतः भरून द्यायची, विकला जाईल तेवढ्या मालाचा हिशेब घ्यायचा आणि उरलेला माल परत न्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. हा धंदा उधारीवर फार वेगाने पसरला आणि १९६० च्या सुमारास कोसळला. त्यानंतर वडिलांकडून ५,००० डॉलर घेऊन सॉलोमन यांनी १९६० मध्ये स्वतंत्र दुकानांच्या रूपाने नव्याने मांडणी केली. त्यांच्या कंपनीचे कागदोपत्री नाव ‘एमटीएस’ होते आणि ते त्यांच्या मुलाच्या, मायकेलच्या, नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले होते. साखळीचा इतिहास सांगताना हे पहिले अपयश बहुधा एका वाक्यात उरकले जाते. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते, कारण उधारीच्या बळावर पसरण्याची जी सवय तेव्हा दिसली, तीच पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा दिसली.

पुढची आठ वर्षे टॉवर हे एका शहरापुरतेच नाव होते. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कोलंबस आणि बे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोठे दुकान निघाले. त्या शहरात तेव्हा तरुणांच्या संगीताला भरती आली होती. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या लहान तबकडीऐवजी संपूर्ण एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, विकत घेणारा नवा ग्राहक तयार झाला होता आणि दुकानदारीचा सगळा हिशेब त्यामुळे बदलत होता. एलपीची किंमत जास्त, नफा जास्त, शिवाय जुने एलपी वर्षानुवर्षे खपत राहतात. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर दुकान उघडले, तेव्हा ही साखळी कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातून दक्षिणेपर्यंत पोहोचली. न्यूयॉर्कमधील दुकान यायला १९८३ साल उजाडावे लागले.

प्रश्न : नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त येथे आलो, तेव्हा आम्ही काही मराठी मंडळी रविवारी टॉवरमध्ये जात असू. एका गावच्या दुकानात भारतीय शास्त्रीय संगीताचा कप्पा भरगच्च असे, तर वीस मैलांवरच्या दुसऱ्या दुकानात तो जेमतेम असे. एकाच साखळीत इतका फरक कसा?
(एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया)

आपण जो फरक पाहिलात, तोच टॉवरच्या कामकाजाचा गाभा होता. बहुतेक मोठ्या साखळ्यांमध्ये कोणता माल किती घ्यायचा हे मुख्य कार्यालयात ठरते आणि सर्व दुकानांना एकाच यादीप्रमाणे माल जातो. टॉवरमध्ये खरेदीचा अधिकार त्या त्या दुकानाकडे होता. दुकानातही तो विभागून दिलेला असे. जॅझचा कप्पा सांभाळणारा कर्मचारी जॅझची मागणी नोंदवी, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पाहणारा त्या विभागाची. अनेक शहरांत तर शास्त्रीय संगीतासाठी वेगळा गाळा किंवा वेगळी खोली असे. साहजिकच ज्या दुकानात एखाद्या कर्मचाऱ्याला भारतीय संगीताची ओढ होती, किंवा ज्या वस्तीतील ग्राहक सतारीच्या आणि ख्यालाच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा मागत होते, तेथे तो कप्पा वाढत गेला. आपल्यासारख्या ग्राहकांच्या मागणीचाही त्यात वाटा असणार.

हे कर्मचारी पगारासाठी आलेले असले, तरी त्यांतील पुष्कळ जण स्वतः वाजवणारे किंवा गंभीरपणे संगीत ऐकणारे होते. पोशाखाचे नियम जवळजवळ नव्हते. वरच्या जागा बाहेरून माणसे आणून न भरता आतल्याच माणसांतून भरल्या जात, त्यामुळे गल्ल्यावर उभा राहिलेला मुलगा काही वर्षांनी दुकानाचा, आणि पुढे साऱ्या विभागाचा व्यवस्थापक झालेला दिसे. दुकाने वर्षाचे ३६५ दिवस मध्यरात्रीपर्यंत उघडी असत. नवी, हमखास खपणारी ध्वनिमुद्रिका खोक्यांच्या थप्प्या लावून जमिनीवरच मांडली जाई. ही पद्धत आता सर्वत्र दिसते, पण रेकॉर्डच्या दुकानात ती ठळकपणे रुजवली टॉवरनेच. दर्शनी भागातील मोठी चित्रे छापून आणलेली नसत, ती दुकानातले चित्रकारच रंगवत. १९८३ पासून ‘पल्स’ हे मासिक दुकानात फुकट मिळू लागले आणि त्यात लोकप्रिय गायकांच्या बरोबरीने अगदी अनोळखी कलावंतांचीही परीक्षणे येत असत.

असा विविध माल ठेवणे परवडत कसे होते, हा पुढचा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर परतीच्या व्यवस्थेत आहे. ध्वनिमुद्रण कंपन्या न खपलेला माल दुकानांकडून मोठ्या प्रमाणात परत घेत आणि त्याची रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून देत. त्यामुळे वर्षातून एकदाच विकली जाणारी तबकडीही मांडून ठेवण्याची जोखीम दुकान आणि कंपनी यांच्यात वाटली जाई. स्वतंत्र, लहान कंपन्यांना याचा फार उपयोग झाला. झाकीर हुसेन यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या मोमेंट रेकॉर्ड्ससारख्या कंपनीचा माल सुपरमार्केटच्या फडताळावर कधीच पोहोचला नसता. त्याला जाणकार विक्रेता असलेले, जागा मुबलक असलेले दुकानच लागते. मात्र याची दुसरी बाजूही होती. मांडलेल्या प्रत्येक तबकडीत पैसा अडकलेला असतो आणि मोठ्या रस्त्यावरच्या प्रशस्त जागेचे भाडे दर महिन्याला द्यावेच लागते. विक्री वाढत असते तोवर हे सहज पेलते, पण ती थांबली की पहिला ताण येतो तो नेमका या विविधतेवर.

प्रश्न : सीडी आल्यामुळे या दुकानांचा फायदा झाला की तोटा?
(एक वाचक, नाशिक)

सुरुवातीला प्रचंड फायदा झाला. अमेरिकेत सीडी १९८३ मध्ये विक्रीला आली आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत लोकांनी घरात असलेल्याच एलपी सीडीच्या रूपात पुन्हा विकत घेतल्या. जुन्या ध्वनिमुद्रणांचा भरपूर साठा हेच टॉवरचे बलस्थान होते, त्यामुळे या लाटेचा लाभ तिला इतरांपेक्षा अधिक मिळाला. ऐंशीच्या दशकात सीडी बारा इंच उंचीच्या पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यात विकली जाई, हे आज अनेकांना ठाऊक नसेल. एलपीसाठी केलेल्या जुन्या कप्प्यांत अशी दोन खोकी शेजारी शेजारी नीट बसत, त्यामुळे दुकानांना लाकडी मांडणी बदलावी लागली नाही. पुठ्ठ्याच्या नासाडीवर टीका होऊ लागल्यावर १९९३ मध्ये ही खोकी बंद झाली. परंतु लोक जुना संग्रह नव्या रूपात घेत होते तो एकदाच घेणार होते. या तात्पुरत्या भरतीला कायमची वाढ समजून साऱ्या व्यापाराने पुढचे आराखडे आखले, आणि टॉवर त्याला अपवाद नव्हती.

प्रश्न : आपण म्हणता की टॉवर इंटरनेटमुळे बुडाली हे अपुरे आहे. पण नॅपस्टर आले आणि दुकाने बंद पडली, हे तर आमच्या डोळ्यांदेखत घडले. मग खरे कारण काय?
(एक वाचक, दादर, मुंबई)

क्रम पाहिला तर उलगडा होतो. इंटरनेटवरून एकमेकांकडची गाणी फुकट उतरवून घेण्याची ‘नॅपस्टर’ ही सोय जून १९९९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी टॉवरची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे तिच्या इतिहासातील उच्चांकावर होती. पण तिच्या पायाखालची जमीन त्याआधीच दोन बाजूंनी खचू लागली होती.

पहिली बाजू स्पर्धेची. नव्वदच्या दशकाच्या मध्याला बेस्ट बाय आणि सर्किट सिटी या विजेच्या उपकरणांच्या अवाढव्य दुकानांनी सीडी घाऊक भावाच्या आसपास, आणि काही वेळा त्याहूनही खाली, विकायला सुरुवात केली. सीडीवर पैसे मिळवण्याचा त्यांचा उद्देशच नव्हता. सीडीसाठी आत आलेला माणूस दूरचित्रवाणी संच किंवा फ्रीज पाहून जाईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. ज्याच्याकडे विकायला केवळ संगीतच आहे, त्याला या भावाशी बरोबरी करणे शक्य नव्हते. याचा पहिला फटका प्रादेशिक साखळ्यांना बसला. कॅलिफोर्नियातीलच ‘वेअरहाऊस’ ही साखळी १९९५ मध्ये आणि ‘कॅमलॉट’ ही साखळी १९९६ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तेव्हा नॅपस्टरचा जन्मही झालेला नव्हता. मोठ्या दुकानांत लोकप्रिय अशा मोजक्याच सीडी असत, ही गोष्ट टॉवरच्या चाहत्यांना दिलासा देणारी वाटे. प्रत्यक्षात तोच मोठा धोका होता. दुर्मीळ तबकड्या ठेवण्याचा खर्च लोकप्रिय सीडींच्या खपातून निघतो, आणि तो खपच दुसरीकडे वळला.

दुसरी बाजू कर्जाची. टॉवरचा विस्तार जपान, ब्रिटन, आयर्लंड, मेक्सिको, अर्जेंटिना, हाँगकाँग, तैवान, इस्रायल अशा अनेक देशांत होत गेला. काही ठिकाणी कंपनीची स्वतःची दुकाने होती, तर काही ठिकाणी नाव वापरण्याचा परवाना दिलेला होता. कंपनी कुटुंबाच्या मालकीची होती आणि शेअर बाजारात भांडवल उभारायचे तर मालकी सोडावी लागली असती, म्हणून विस्ताराचा पैसा कर्जातून आला. १९९८ मध्ये तिने ११ कोटी डॉलरचे कर्जरोखे विकले. त्यांवरील व्याज ९.३७५ टक्के होते आणि मुद्दल २००५ मध्ये फेडायचे होते. म्हणजे बँकांचे कर्ज बाजूला ठेवले, तरी केवळ या रोख्यांपोटी वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक व्याज द्यावे लागणार होते, आणि तेही ज्या धंद्यात नफ्याचे प्रमाण मुळातच कमी होत चालले होते अशा धंद्यातून. विक्री दर वर्षी वाढतच राहील हे गृहीत धरले तरच हे गणित जमत होते.

इंटरनेटचा घाव बसला तो या अवस्थेत असताना, आणि तो खोल होता हे नाकारण्याचे कारण नाही. त्यातही ध्वनिमुद्रण कंपन्यांचा स्वतःचा दोष मोठा होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक-दोन गाण्यांच्या स्वस्त सिंगल तबकड्या बाजारातून जवळजवळ काढून घेतल्या. एका गाण्यासाठी तरुणाने सोळा-सतरा डॉलरची पूर्ण सीडी घ्यावी, अशी अपेक्षा होती. रेकॉर्डच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारा शाळकरी ग्राहक याच सिंगलसाठी येत असे. ती गेली, आणि त्याच मुलाला तेच गाणे संगणकावर फुकट मिळू लागले. ॲपलने एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकायला सुरुवात केली, तेव्हा सुटे गाणे विकत घेणारा ग्राहक अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले. पण तोवर त्याची दुकानात जाण्याची सवय सुटली होती. टॉवरला इंटरनेट कळलेच नाही, असेही म्हणता येत नाही. १९९५ मध्येच, म्हणजे फार लवकर, तिने संगणकावरून विक्री सुरू केली होती.

पुढचा उतार वेगाने आला. २००२ मध्ये कर्ज फेडण्यासाठी जपानमधील दुकाने विकावी लागली. नफा देणारा सर्वांत भक्कम भाग तोच होता. लंडनचे पिकाडिली सर्कसवरील दुकान २००३ मध्ये ‘व्हर्जिन’ या प्रतिस्पर्धी साखळीकडे गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये पहिली दिवाळखोरी झाली आणि तडजोडीत कंपनीची ८५ टक्के मालकी रोखेधारकांकडे जाऊन सॉलोमन कुटुंबाकडे १५ टक्के उरली. याच काळात खरेदीचे अधिकार दुकानांकडून निघून मुख्य कार्यालयाकडे गेले. रोकड वाचवायची म्हटल्यावर हा निर्णय सावकाराच्या दृष्टीने तर्काला धरून होता. पण ज्या कारणासाठी ग्राहक बेस्ट बायला न जाता टॉवरमध्ये येत होता, ते कारणच त्यामुळे नाहीसे झाले. माझ्या मते टॉवर संपली ती येथे. त्यानंतरची दोन वर्षे हिशेब मिटवण्याची होती. २००६ च्या उन्हाळ्यात थकबाकीमुळे मोठ्या कंपन्यांनी माल पाठवणे थांबवले, ऑगस्टमध्ये दुसरी दिवाळखोरी झाली आणि ऑक्टोबरमध्ये लिलाव झाला. दुकाने चालू ठेवू इच्छिणाऱ्या ट्रान्स वर्ल्ड या साखळीपेक्षा माल मोडीत काढणाऱ्या ग्रेट अमेरिकन ग्रुपची बोली केवळ पाच लाख डॉलरने जास्त, म्हणजे १३ कोटी ४३ लाख डॉलरची होती, आणि तीच स्वीकारली गेली. अमेरिकेतील उरलेली ८९ दुकाने डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. सुमारे तीन हजार माणसांची नोकरी गेली.

प्रश्न : सीडीच्या किमती दुकाने आणि कंपन्या यांनी मिळून चढ्या ठेवल्या होत्या, असा खटला झाल्याचे आठवते. त्यात टॉवर होती का?
(एक वाचक, नागपूर)

होती, आणि टॉवरवर प्रेम करणाऱ्यांनीही हा भाग झाकून ठेवू नये. वर सांगितलेल्या भावयुद्धानंतर पाच मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी एक अट कडक केली. दुकानांच्या जाहिरातखर्चाचा काही भाग त्या उचलत असत. एखाद्या दुकानाने ठरवून दिलेल्या किमतीपेक्षा कमी किंमत जाहिरातीत छापली, मग ती जाहिरात त्याने स्वतःच्या पैशाने दिलेली असली तरी, त्याला मिळणारी ही सगळी रक्कम काही काळ रोखली जाई. दुकानाला स्वस्तात विकण्याची कायदेशीर मुभा होती, पण स्वस्तात विकतो हे सांगण्याची सोय उरली नव्हती. त्यामुळे भावयुद्ध थांबले आणि संगीतावरच जगणाऱ्या साखळ्यांना थोडा श्वास घेता आला, परंतु त्याची किंमत ग्राहकाने मोजली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या अंदाजाप्रमाणे तीन वर्षांत ग्राहकांना ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा भुर्दंड पडला असावा. मे २००० मध्ये कंपन्यांनी आयोगाशी तडजोड करून ही अट मागे घेतली. त्यानंतर अनेक राज्यांनी लावलेल्या दाव्यात या पाच कंपन्यांबरोबर टॉवर, म्युझिकलँड आणि ट्रान्स वर्ल्ड हे तीन विक्रेतेही प्रतिवादी होते. २००२ मध्ये रोख रक्कम आणि ग्रंथालयांना व शाळांना द्यायच्या सीडी मिळून सुमारे १४ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली, आणि अर्ज केलेल्या प्रत्येक ग्राहकाला १३ डॉलर ८६ सेंटचा धनादेश आला. आयोगाच्या तडजोडीने अट उठली आणि स्वस्त विक्रीला पुन्हा वाट मोकळी झाली, तेव्हा टॉवरच्या तोट्याची वर्षे सुरू झालेली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : माझी मुलगी तोक्योत शिकते. तिच्या पत्रात शिबुया येथील टॉवर रेकॉर्ड्सच्या अनेक मजली दुकानाचे वर्णन आहे. मूळ साखळी बंद झाली असताना हे दुकान कसे चालते?
(एक वाचक, पुणे)

जपानमधील टॉवर आता वेगळी, स्वतंत्र कंपनी आहे. १९८० मध्ये साप्पोरो येथे आणि १९८१ मध्ये शिबुया येथे तिची पहिली दुकाने उघडली. सुरुवातीला मुख्य विक्री होती ती अमेरिकेहून आणलेल्या एलपींची, आणि जपानमध्ये छापलेल्या प्रतींपेक्षा त्या स्वस्त पडत. १९८५ नंतर येन महाग झाल्यावर ही आयात अधिकच फायद्याची ठरली. शिबुयातील सध्याच्या इमारतीत दुकान १९९५ मध्ये आले आणि ते जगातील सर्वांत मोठ्या रेकॉर्डच्या दुकानांपैकी एक गणले जाते. २००२ मध्ये विक्री झाली, तेव्हा जपानमधील व्यवस्थापनानेच गुंतवणूकदारांच्या साहाय्याने कंपनी घेतली. पुढे दूरसंचार क्षेत्रातील एनटीटी डोकोमो तिची मोठी भागधारक झाली. मूळ कंपनीच्या कर्जापासून सुटका झाल्यामुळे २००६ चा लिलाव तिला शिवला नाही.

ती टिकण्यामागे एक कायदेशीर कारण आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. जपानमध्ये पुस्तके, वृत्तपत्रे आणि संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांची किरकोळ किंमत प्रकाशक ठरवू शकतो आणि दुकानाला ती पाळावी लागते. देशात प्रकाशित झालेली नवी सीडी टॉवरमध्ये जेवढ्याला मिळते, तेवढ्यालाच ती उपकरणांच्या दुकानातही मिळते. अमेरिकेत ज्या स्पर्धेने साखळ्या मोडल्या, ती तेथे त्या रूपात होऊच शकली नाही. जपानी ग्राहक सीडीसाठी बराच जास्त पैसा मोजतो, हे त्याबरोबर सांगितले पाहिजे. दुसरे कारण म्हणजे तेथील आणि कोरियातील तरुण गायकवृंदांचे चाहते. एकाच संग्रहाच्या वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्या निघतात, सीडीबरोबर कलावंतांच्या भेटीच्या कार्यक्रमाचा प्रवेश मिळतो, आणि असे कार्यक्रम दुकानातच होतात. तिसरे कारण आपल्या मुलीच्या सहज लक्षात येईल. तेथे कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिलेली शिफारसपत्रे कप्प्याकप्प्यावर लावलेली दिसतात, आणि सॅक्रामेंटोची दुकानाकडे निर्णय सोपवण्याची रीत जपानमध्ये अधिक काळ जपली गेली.

प्रश्न : आपल्याकडे अशी साखळी का झाली नाही? ऱ्हिदम हाऊसची तुलना टॉवरशी करता येईल का?
(एक वाचक, ठाणे)

आपल्याकडेही साखळ्या झाल्या. आरपीजी समूहाची ‘म्युझिक वर्ल्ड’ आणि टाइम्स समूहाने काढलेली ‘प्लॅनेट एम’ या नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. पण दोन्ही मोठ्या उद्योगसमूहांच्या शाखा होत्या आणि त्या आल्या तेव्हा सीडीच्या भरतीला ओहोटी लागण्याची वेळ जवळ आली होती. मुंबईत काळा घोडा येथे असलेले आणि २०१६ मध्ये बंद झालेले ऱ्हिदम हाऊस हे एकच दुकान होते, त्यामुळे साखळी म्हणून त्याची तुलना होत नाही. जाणकार विक्रेता आणि ऐकून घेण्याची सोय या बाबतींत मात्र नाते जवळचे आहे. पुण्यातील कर्वे रस्त्यावरचे अलूरकर म्युझिक हाऊस याहून वेगळे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे होते, कारण ते केवळ विक्रेते नव्हते. शास्त्रीय गायनाच्या आणि पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती त्यांनी स्वतः प्रकाशित केल्या. टॉवरने इतक्या वर्षांत दुसऱ्यांचे संगीत उत्तम रीतीने विकले, पण असा ठेवा स्वतः निर्माण करण्याचे काम तिच्या वाट्याला आले नाही.

प्रश्न : कॅलिफोर्नियात आता एखादी प्रादेशिक साखळी उरली आहे का? आणि टॉवर पुन्हा सुरू झाली, ही बातमी खरी आहे का?
(एक वाचक, औरंगाबाद)

सॉलोमन यांनी स्वतःच २००७ मध्ये सॅक्रामेंटोत, टॉवरच्याच जुन्या जागेत, ‘आर फाइव्ह’ नावाचे दुकान पुन्हा काढले. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यापलीकडे होते. २०१० मध्ये ते दुकान ‘डिंपल रेकॉर्ड्स’ या स्थानिक साखळीने घेतले. १९७४ मध्ये सुरू झालेली आणि सॅक्रामेंटोच्या परिसरापुरतीच राहिलेली ही साखळी २०१९ मध्ये बंद झाली. सॉलोमन मार्च २०१८ मध्ये, ९२ व्या वर्षी, वारले.

उरलेल्यांत ‘अमीबा म्युझिक’ ठळक आहे. बर्कली येथे १९९० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत एका जुन्या बोलिंगच्या सभागृहात १९९७ मध्ये आणि हॉलिवूडमध्ये २००१ मध्ये, अशी तिची तीनच दुकाने निघाली आणि ती चालू आहेत. हॉलिवूडचे दुकान २०२१ मध्ये नव्या जागेत गेले. अमीबाचा मोठा आधार वापरलेल्या तबकड्यांचा व्यापार हा आहे. ग्राहकाकडून जुना माल विकत घेताना भाव दुकानातील जाणकार ठरवतो, तो माल बेस्ट बायकडे नसतो आणि त्याची किंमत कोणती कंपनी बांधून देत नाही, त्यामुळे त्यात नफ्याला जागा राहते. त्याच्या जोडीला एलपीची मागणी परतली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख एलपी विकल्या गेल्या आणि त्यांनी १९८७ नंतर प्रथमच नगसंख्येत सीडीला मागे टाकले.

टॉवर पुन्हा सुरू झाल्याची बातमी अर्धी खरी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या नावाने संकेतस्थळावरून विक्री सुरू झाली. मात्र ती घरपोच माल पाठवणारी सेवा आहे आणि १९६० च्या कंपनीशी तिचा संबंध नावापुरता आहे. सनसेट बुलेव्हार्डवरील मूळ इमारतीत २०२३ पासून ‘सुप्रीम’ या कंपनीचे कपड्यांचे दुकान आहे. त्यामुळे आपण तिकडे जाणार असाल आणि प्रत्यक्ष कप्पे चाळून तबकड्या घ्यायच्या असतील, तर हॉलिवूडमधील किंवा बर्कलीच्या टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरील अमीबा गाठावी. जपानला जाणे झाले, तर शिबुया आहेच.